मावशीला मी वाचून दाखवलं ते

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. याआधी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा उठून ओटा पुसत राहिले – पुसलेलाच ओटा. आज उठायचं नाही असं ठरवलंय. मराठीत लिहिते आहे, कारण जिच्याशी मी खोटं बोलले तिला हीच भाषा येत होती. आणि ते खोटंही मी याच भाषेत बोलले.

पण थांबा. आधी मी कोण होते ते सांगायला हवं.

आम्ही कोकणातले मराठी ज्यू; अलिबागजवळून इस्रायलला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. अराद म्हणजे वाळवंटातलं लहानसं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात. आठ वर्षं खपून मी तिथे बस्तान बसवलं. आईने मराठीत हाक मारली की हिब्रूत उत्तर द्यायचं. डब्यात पाव सोडून काही न्यायचं नाही. आम्ही मूळचे कुठले, असं कुणी विचारलं तर विषय बदलायचा. आणि मी पंधरा वर्षांची असताना माझी मावसबहीण फ्लोरा ठाण्याहून आली. तिचे वडील नुकतेच वारले होते. तिची आई, माझी एस्तेरमावशी, कापडाच्या कारखान्यात कामाला लागली आणि फ्लोराला नेमकं माझ्याच वर्गात बसवलं. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर मराठीत ओरडली, "इलू, आईने तुझ्यासाठी पण पोळी दिलीय गं!"

एवढंच. एवढ्यासाठी कुणी कुणाच्या जिवावर उठतं का? – मी उठले.

त्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने इंटरनेटवर वर्गाचं एक पान काढलं होतं. सहलीचे फोटो, परीक्षेच्या तारखा, आणि खाली कुणीही नाव न देता काहीही लिहायचं. फ्लोराबद्दलची पहिली ओळ तिथे मी लिहिली. तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाबद्दल. संध्याकाळपर्यंत तिच्याखाली इतरांच्या ओळींची रांग लागली. मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. आणि मी नामानिराळी.

मग रोज एक ओळ. तेल झालं, तिचं हिब्रू झालं, तिची चप्पल झाली. एक दिवस लिहायला काही उरलं नाही, तेव्हा मी सदऱ्याची गोष्ट लिहिली. फ्लोरा वडिलांचा न धुतलेला सदरा उशाखाली घेऊन झोपायची. दुसऱ्या दिवशी एका मुलाने खेळाच्या तासाचा घामट शर्ट तिच्या खुर्चीवर अडकवला आणि म्हणाला, "बघ, तुझा अब्बा आला." वर्ग हसला. मीही हसले. फ्लोराने तो शर्ट घडी घालून बाजूला ठेवला आणि मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. सदऱ्याची गोष्ट तिने मला एकटीलाच सांगितली होती.

म्हणजे तिला कळलं होतं. पण तिने नाव घेतलं नाही – तेव्हाही नाही, नंतरही नाही. का? मी स्वतःला विचारून थकले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मी महिनाभर तिच्या तोंडाकडे बघत होते, आता सांगेल, मग सांगेल. ती फक्त वाळत गेली. सकाळी पोट दुखायचं. केस तीन-तीनदा धुवायची. पापण्यांचे केस एकेक करून उपटायची, इतके की डोळे उघडे पडल्यासारखे दिसायला लागले. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून आमच्या घरी येऊन ते पान वाचायची. दुखऱ्या दाताला जीभ लागत राहते ना, तशी परत परत.

एका शुक्रवारी दुपारी एस्तेरमावशी तिच्या मागोमाग आली. "इलू बाय, पोरगी जेवत नाय, झोपत नाय. या डब्यात काय बघून रडते ता मला वाचून दाखव."

आता मावशीचं सांगते. तिला हिब्रू अक्षरं फक्त प्रार्थनेच्या पुस्तकातली ठाऊक, खाली-वर स्वरांची टिंबं दिलेली. पडद्यावरची बिनटिंबांची अक्षरं तिला लागेनात. तरी तिने पडद्याला बोट लावून ते ओठांना लावलं – देवाची अक्षरं म्हणून! मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. माझी ओळ होती ती.

मी म्हणाले, "लिहिलंय, फ्लोराचे केस किती छान आहेत."

"आनि ह्याच्यात?"

बोट खाली सरकत होतं आणि मी साखर पेरत होते. किती हुशार. किती लवकर हिब्रू शिकली. एका ओळीत लिहिलं होतं, मर ना एकदाची. मी वाचलं, "एकशेवीस वर्षं जग." मावशी रडायला लागली. फ्लोरा दारात उभी होती. तिला सगळं वाचता येत होतं. ती ओळ माझी नव्हती, असं इथे लिहायचा मोह होतोय. नव्हतीच. पण रांग कुणी सुरू केली होती?

मावशीने नवस बोलला होता. पोरीला मैत्रिणी मिळाल्या तर एलियाहू हन्नबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, मलिदा करीन. आता मिळाल्याच होत्या! पुढच्या आठवड्यात पोहे, खोबरं, साखर, फळं असं मलिद्याचं ताट मांडून दहा माणसं बोलावली. पहिला मलिदा माझ्या हातावर ठेवायला मावशीने फ्लोरालाच सांगितलं. तेव्हा फ्लोरा म्हणाली, "आई, इलूनं खोटं वाचलं. ते लोक मला घाण बोलतात."

मावशीने तिच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "नबीच्या ताटासमोर खोटं बोलतेस?"

आणि मी? मी मान खाली घालून मलिदा खाल्ला.

त्यानंतर फ्लोरा शाळेत गेली नाही. आज ती यरुशलेमला एका धुलाई केंद्रात काम करते, एकटी राहते, आईशी सणापुरतं बोलते. इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण एक राहिलंय, आणि ओटा पुसायला मी उठत होते ते याच्यामुळे.

फ्लोराने शाळा सोडल्यावर दोन महिन्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. मनाच्या डॉक्टरांकडे. मावशीला हिब्रू येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. फ्लोरा एव्हाना कुणाशीच बोलत नव्हती. डॉक्टरीण बाई भल्या होत्या, घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मावशीला विचारलं, शाळेत हिला कुणी छळत होतं का?

मी प्रश्न मराठीत सांगितला. नीट सांगितला.

मावशी म्हणाली, "नाय हो. वर्ग जीव टाकायचा हिच्यावर. मी सोता वाचून घेतलंय."

ते मी हिब्रूत सांगितलं. शब्दाला शब्द, काही न गाळता. डॉक्टरीण बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. फ्लोरा माझ्याकडे बघत नव्हती, ती आईकडे बघत होती.