आमच्या टाकीचा पंप आणि माझे झाप

मी मामी बोलतेय गो, फोन ठेवू नको. आधी तुला जरा बोलून घेते. मामांचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा तुझा रोज फोन यायचा, आणि ते चालायला लागल्यावर बंद. ही काय रीत झाली? आता चालतात ते कशामुळे, हे तरी तुला ठाऊक आहे का?

देवबागला आमच्या घरामागे, पाहुण्यांच्या दोन खोल्यांपुढे, मुलानं पोहायची छोटी टाकी बांधली. तेव्हा मला हसूच आलं होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि ह्याला मध्ये आणखी पाणी हवं. पण मामा पडले, चार पावलंही टाकता येईनात, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा. समुद्रात लाट उभं राहू देत नाही. टाकीत मात्र छातीभर पाण्यात, कठड्याला हात लावून, ते एकटे चालले. कुणाचा खांदा न घेता, किती महिन्यांनी.

आणि नेमका तेव्हाच मुलगा विजेचं बिल घेऊन दारापुढच्या खळ्यात बसला. "आये, ही टाकी बुजवया. पंप रातदिस चलता, आणि पावणे येतत शनवार-आयतवारी. माका परवडणा नाय."

मामा म्हणाले, "बुजव रे. माका काठी आसा." म्हणाले खरे, पण बघत होते टाकीकडे.

 माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत राहिलं. विहिरीतलं पाणी वर्षानुवर्षं उभं असतं, त्याला कुठे पंप लागतो? मग ह्यालाच रातदिस कशाला? दुसऱ्या दिवशी मी मीटरसमोर स्टूल टाकून बसले. त्यात एक लाल दिवा लुकलुकतो. पंप चालू असला की तो फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायचा. बंद केला की एकदा लुकलुकून मग बराच वेळ गप्प. सून म्हणाली, "आई, मीटराक नजर लागात." लागू दे म्हटलं.

मग मी टाकीच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. सकाळी बघते तर पाणी रेघेच्या खाली. ऊन आणि खारा वारा ते पीत होते, म्हणून टाकी भरायला विहिरीवरचा पंपही रोज चालायचा. शिवाय सुरूच्या झाडांच्या काड्या पडून गाळणी सतत तुंबायची.

आता आमच्याकडे ऊन असो की पाऊस, उपाय एकच, झाप. सुनेला घेऊन बसले, माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, विणून झाप केले आणि अख्खी टाकी झाकून टाकली. फार हुशारी केली असं वाटत होतं. तीन-चार दिवसांनी झाप उचलले, तर पाणी कोऱ्या चहासारखं. चुडतांचा भुसा गाळणीत जाऊन पंप कण्हत होता. मामांचं चालणं बंद पडलं ते वेगळंच. मुलगा म्हणाला, "बरां झालां आये, आता मासे सोड."

गावातला वायरमन आला, त्यानं पाणी बघितलं. "काकी, सोडणां कुजत घातलंस काय?"

माझी मान खाली. काथ्यासाठी खाडीत नारळाची सोडणं कुजत घालायचे, तिथलं काळं पाणी मी जन्मभर बघितलेलं. तरी ते मला सुचलं नाही.

पण माणूस हाताशी होता, मग विचारूनच घेतलं. "पंप थांबवलो तर काय होता?"

"कायमचो थांबवलो तर पाणी हिरवा होतला. पण इतको धावडवूचो कित्याक? आणि ह्यो पंप टाकीचो नाय, बागेचो आसा."

टाकी बांधताना मुलानं मोठाच्या मोठा पंप घेतला होता, मोठा तो चांगला म्हणून. वायरमननं तो माडांच्या शिंपणाला लावला, टाकीला लहान बसवला, आणि दिवसातले ठराविक तासच चालेल असं घड्याळ जोडलं. पाण्यावर तरंगणारं फुगेवालं प्लास्टिक आणलं. मामा उतरायच्या आधी मी आणि सून ते गुंडाळून पार बाजूला ठेवतो. सुरूच्या बाजूला मी जवळ्याचं जुनं जाळं बांधलं. बारीक विणीचं, काड्या त्यातच अडकतात. हे मात्र माझंच डोकं, आणि ते चाललं.

पुढचं बिल आलं तेव्हा मुलगा स्वतः मीटरसमोर उभा राहिला, बराच वेळ. आत येऊन मामांना एवढंच म्हणाला, "बाबा, टाकी ऱ्हांवदे."

मामा उठून टॉवेल शोधायला लागले.

परवा ते टाकीतून वर आले, आणि काठी कठड्यालाच ठेवून तुळशीपर्यंत गेले. मी मागून चालत होते, हात पुढे धरून, पण लावला नाही. आता म्हणतात, भाचीला वाळूतून चालून दाखवतो. वाळूत अजून मी सोडत नाही, पण तू एका बाजूला असलीस तर सोडीन. तेव्हा फोन राहू दे. दोन दिवसांची सुटी काढ आणि लवकर ये गो.