बाबा चिनी मातीच्या कारखान्यात गाइड होतात

म्युझियमवाल्यांचा फोन आला तेव्हा बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते "जी, जी, बिलकुल" करत राहिले आणि मला तिथेच संशय आला. चिनी मातीच्या ज्या कारखान्याने बाबांना एका सकाळी घरी बसवलं, त्याचंच आता म्युझियम झालं होतं. लोकांना फिरवून दाखवायला त्यांना जुना भट्टीवाला हवा होता. रविवारी एक फेरी करून दाखवायची, पसंत पडली तर काम पक्कं.

"तुम्हाला शोभेला ठेवणार आहेत," मी म्हटलं. "कपाटातल्या बरणीसारखं."

"ठेवू देत ना. घरी बसून तरी कुठे शोभतोय मी?"

मी कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारी, आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात माधवगंजच्या नाक्यावर उभी राहून ती वाटणारी मुलगी. बंद कारखान्यांची म्युझियमं का होतात, हे मला चांगलं माहीत आहे. कामगार गेले की कामगारांबद्दल प्रेम दाखवणं सोपं जातं. तरी रविवारी गेले. बाबांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला होता, आणि तो शर्ट बघून मला आणखीच राग येत होता.

आत कप वाळवायच्या लांब खोलीत कॅफे. साच्यांच्या शेडमध्ये चित्रांचं प्रदर्शन. फाटकाशी दुकान, आणि दुकानात वाकडे कप! पूर्वी असा कप निघाला की मुकादम तो सगळ्यांसमोर आपटायचा आणि करणाऱ्याची आई-बहीण काढायचा, हे मी बाबांच्या तोंडून कितीदा ऐकलंय. आता तोच वाकडेपणा मुद्दाम आणतात आणि खाली कलाकाराची सही असते. भिंतीवर मोठा फलक होता: 'समय के साथ उत्पादन थम गया.' आपोआप! जसा काही लाइट गेल्यावर पंखा थांबला. मी फोटो काढून घेतला. पत्रकाचा मथळा आयता मिळाला होता.

फेरीला कॉलेजची काही मुलं आणि हरिशंकरपुरम कॉलनीतली एक-दोन कुटुंबं होती. सगळ्यांच्या मागून म्युझियमच्या मॅनेजर मॅडम चालत होत्या, हसऱ्या चेहऱ्याने. बाबांनी भट्टीचं दार विटांनी कसं चिणायचं ते सांगितलं. खंडेनवमीला इतर मराठा घरांत तलवारी पुजतात, आम्ही कारखान्यातले मराठे भट्टीच्या दाराला कुंकू लावायचो, तेही सांगितलं. लोक खूश. मॅडम मान डोलवत होत्या. बाबांचा एवढा मोकळा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता, आणि म्हणूनच मला वाटायला लागलं की यांना कोणीतरी पढवलंय.

फाटकापाशी येऊन ते म्हणाले, "फिर कारखाना बंद हो गया. आइए, आगे चलते हैं."

मी हात वर केला. "बंद कैसे हुआ?"

बाबांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. "मैडम, सवाल आखिर में."

"आखिर में तो सब कॉफी पीने चले जाएँगे."

लोक हसले. मॅडमचं हसू मात्र गेलं. बाबांचं काम याच प्रश्नावर जाऊ शकतं, हे मला कळत होतं. हात तरी मी खाली घेतला नाही.

बाबांनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "भट्टी भरी हुई थी. कच्चा माल अंदर, बस आग देनी बाकी थी. सुबह टिफिन लेकर आए तो गेट पे ताला. हमने कहा, साहब, यह एक भट्टी पकाने दो, फिर कर लेना बंद. नहीं माने. बारिश का पानी चिमनी से अंदर गया. हमारे बनाए सारे कप वापस मिट्टी हो गए."

कोणी फोटो काढला नाही.

शेवटी मॅडम बाबांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "बहुत अच्छा लगा, अंकल. कल से आ जाइए. बस वो ताले वाला हिस्सा गेट पे थोड़ा छोटा कर लीजिए. लोग छुट्टी मनाने आते हैं न."

"कर लूँगा," बाबा म्हणाले. लगेच! मी ऐकलं.

परतताना ई-रिक्शात मी तोंड फुगवून बसले. "विकलंत ना स्वतःला?"

"उद्यापासून तू यायचं नाही," बाबा म्हणाले. "तू समोर असलीस की माझं अर्धं ध्यान तुझ्या हाताकडे असतं, आत्ता वर होतो की मग."

"म्हणजे सांगणार नाही तुम्ही."

"तू यायचं नाही, एवढंच म्हटलं मी."

विश्वास बसेना. मी टोपी बाजारातल्या माझ्या मैत्रिणीला तिकीट काढून दिलं आणि पाठवलं. बापावर हेर लावला, हो. संध्याकाळी तिचा फोन आला.

"गेट पे तो तेरे पापा ने एक लाइन में निपटा दिया," ती म्हणाली.

"बघ! म्हटलं नव्हतं मी?"

"अरे सुन तो. फिर सबको भट्टी के अंदर ले गए. दरवाजा इतना सँकरा, उसमें खुद खड़े हो गए. और वहाँ सुनाया, पूरा का पूरा. कोई निकलता भी किधर से?"

"आणि मॅडम?"

"मैडम भी अंदर ही थी."