खाडीच्या तोंडाकडे पाहणारी खिडकी

रोशनबीला मलकापुरात येऊन सेहेचाळीस वर्षं झाली. तरी बाजारात सुकट-बोंबलाच्या पाट्या मांडून बसली की एखादं गिऱ्हाईक विचारायचंच, "मावशी, कोकणातल्या काय?"

"व्हय, खाडीवरच्या," ती सांगायची. गावाचं नाव सांगत नसे. तिच्या लेखी खाडी एकच होती.

तिथलं घर तिच्या आजोबांनी बांधलेलं. भिंती जांभ्या दगडाच्या, खांब सागवानी, आणि सांध्यांत लोखंडाचा एक खिळा नाही. खाऱ्या हवेत खिळे गंजतात म्हणून सगळ्या लाकडी खुंट्या. वडील होडी चालवणारे तांडेल. घरातला पुरुष दर्यावर निघाला की होडी खाडीचं तोंड ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत केर काढायचा नाही, अशी त्या घरची रीत होती. लहानगी रोशन पश्चिमेच्या खिडकीशी बसून राखण करायची आणि मग आत ओरडायची, "गेली! झाडा आता!"

लग्न झालं ते एसटीच्या ड्रायव्हरशी. इमाम रत्नागिरीची गाडी घेऊन आंबा घाट उतरायचा. तो निघाला की रोशनबी केरसुणी बाजूला ठेवून, गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभी.

"एसटीला लाटा लागत्यात व्हय गं?" इमाम चिडवायचा. पण खाडीवरची खबर तोच आणायचा, आणि ती त्याला जेवण वाढायच्या आधी ती खबर मागायची.

भाऊ वारला तसं ते घर बंद झालं. भाचा कामिल रत्नागिरीत मोबाइलचं दुकान चालवतो. गावी कोण राहणार? अशात विजयसिंह म्हणून एक हॉटेलवाले तिच्या दारी आले. आंबा घाटाच्या वाटेवर त्यांना जुन्या घराचं हॉटेल करायचं होतं.

"मावशी, एकेका लाकडावर नंबर घालून उतरवतो आणि हितं तसंच्या तसं उभं करतो," ते म्हणाले. "तुमचं म्हायेर तुमच्या दारात. रोज या, बसा, चा घ्या. कामिलची सही झालीया, आता फक्त तुमची पायजे."

रोशनबीला त्या रात्री झोप लागली नाही. सेहेचाळीस वर्षं ज्या घरासाठी जीव तुटला, ते अर्ध्या तासावर येणार होतं. गुडघ्यांमुळे आता घाट उतरणंही फारसं होत नव्हतं. सही करायचीच, पण एकदा जागेवर बघून, असं तिनं ठरवलं.

चौदा नोव्हेंबरला, गुरुवारी, सगळे खाडीवर गेले; कामिलही रत्नागिरीहून आला. नात फरहीन कोल्हापुरात घरबांधणीचं शिकते. तिनं टेप काढून मोजायला सुरुवात केली. पश्चिमेच्या भिंतीशी ती थबकली.

"नानी, गवंड्याची चूक झालेय बघ. बाकीच्या खिडक्या एका ओळीत, ही एकटी खाली. आणि चौकटही तिरकी बसवलीय."

"तिकडं बांधताना सरळ करून घेऊ की," विजयसिंह म्हणाले.

रोशनबीनं नातीचा खांदा दाबून तिला खिडकीशी जमिनीवर बसवलं. फरहीननं बाहेर पाहिलं. तिरक्या चौकटीतून खाडीचं तोंड बरोबर मधोमध आलं होतं. ना अलीकडचा बांध दिसत होता, ना पलीकडचा डोंगर. पाण्यावर एक होडी निघाली होती. म्हातारी आणि नात, दोघी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

मग रोशनबीनं विचारलं, "विजयसिंह, तिकडं ह्यातनं काय दिसंल?"

माणूस सरळ होता. "पार्किंग, मावशी. पण झाडं लावू की मोप!"

सगळे हसले. रोशनबीही हसली, आणि तिनं सहीचा कागद तसाच घडी करून त्यांच्या हातात परत दिला.

कामिल उखडला. "फुफू, येत्या पावसात हे कोसळलं तर?"

"मे महिन्यात कौलं परतून घेऊ."

"तू? ह्या गुडघ्यांनी?"

"मी ओट्यावर बसून सांगेन. चढशील तू!"

परतताना घाट चढून वर आल्यावर इमाम हळूच म्हणाला, "दारात येत हुतं की गं." ती बाहेरच बघत राहिली. मलकापूर येईपर्यंत तिनं पदरानं दोनदा डोळे पुसले.

विजयसिंहांना दुसऱ्या कुठल्या गावचं घर मिळालं. दीड वर्षात ते आंब्याच्या वाटेवर उभंही राहिलं. कामिलनं तोवर एकदा कौलं परतली होती, शिव्या घालत; पुढच्या मे महिन्यात येईन की नाही, सांगत नाही म्हणाला.

एकदा इमामबरोबर तिकडून जाताना रोशनबीनं रिक्षा थांबवायला लावली. तिथले सागवानी खांब तिच्या माहेरच्यासारखेच होते, हाताला तसेच गुळगुळीत. रखवालदाराला तिनं विचारलं, "हे घर कुठल्या गावचं?"

"काय की, मावशी. कोकणातलं हाय म्हणत्यात."

ती पायरीवर टेकली. इमामनं दोनदा हाक मारली तरी उठली नाही.

"चल की आता. कुणाचं हाय म्हणून बसलीयास?"

"कुणाचं तरी म्हायेर हाय," ती म्हणाली. "जरा बसू द्या."