इंदूबाईंचा उजवा हात

घाटंजीच्या आमच्या गल्लीत इंदूबाई कोणाकडेही आल्या की आधी गादी चाचपायच्या. उजवा हात उशीखाली, मग रजईत. "थंडी हाय गादी," म्हणायच्या, तेव्हा कुठे बसायच्या. तेही अर्ध्याच, दाराकडे तोंड करून.

दोन हजार चार साली त्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होत्या. एका सकाळी सोबतची जमनी म्हणाली, "इंदू, कापसाची गंजी आतून गरम लागून राह्यली. हात घालून पाय."

"तुलेच ताप असन," इंदूबाई हसल्या.

दुपारी गंजी पेटली. इंदूबाई बाहेर आल्या. जमनी आली नाही.

दोन हजार सहा साली भाव पडला तसा त्यांच्या मुलानं, देवरावनं, सगळा कापूस घरातच भरला, पार छतापर्यंत. इंदूबाईंची लेक पायल बाळंतपणाला यायची होती आणि तिची खाट मावत होती ती त्या कापसाला लागूनच. इंदूबाईंचं भाकरीवरही लक्ष लागेना. मधेच उठायच्या, कोपरापर्यंत हात खुपसायच्या.

"काढ रे हा कापूस."

"भाव येऊ दे, माय. तू का त्याची डॉक्टर हायस, सारखा ताप पाह्यतं?"

पायल यायच्या चार दिवस आधी त्यांनी गुपचूप कापसावर घागरभर पाणी मारलं. पेटूच नये म्हणून. ओला कापूस दबला की आतून तापतो, हे का त्यांना माहीत नव्हतं? जन्म गेला होता कापसात. पण भीतीनं तेवढंच नेमकं विसरायला लावलं.

तिसऱ्या सकाळी त्या माझ्या दारात. "वहिनी, गरम हाय."

त्यांचं हे गरम-थंडीचं मी शंभरदा ऐकलं होतं. "चहा घ्या आधी," म्हटलं. त्यांनी मनगट धरून मला ओढतच नेलं. हात घातला, तर ताप आलेल्या लेकराच्या पोटासारखा कापूस!

माझी हाक ऐकून देवराव आला. त्यानं हात घातला आणि त्याचा चेहराच उतरला. सगळी गल्ली कामाला लागली. दुपारपर्यंत कापूस अंगणात उन्हात पसरला. आतला थर ओला निघाला.

"पाणी कायले मारलं, माय?"

"जमनीनं सांगतलं तवा म्या हात नाही घातला ना, बापा."



पायल आली. रिकाम्या खोलीत खाट टाकली. इंदूबाई पुढे झाल्या, पण देवरावनंच आधी गादीखाली हात घातला. उशीखालीही, अगदी सावकाश.

"थंडी हाय, माय. बस."

त्या बसल्या. दाराकडे तोंड करूनच.