माझ्या ट्रंकेतली गोल पातळं

आमच्या शाळेत खडूचा कायम तुटवडा असे, किश्श्यांचा कधीच नाही. सकाळी झाडून काढावेत, तर दुसऱ्या दिवशी मोहाच्या फुलांसारखे पुन्हा अंगणभर पडलेले. मी ते वेचून ठेवत आले. मोह वाळला की आकसतो, माझे किस्से मात्र वाळवले की फुगतात, असं बाकीच्या मास्तरणी म्हणतात. म्हणोत बापड्या!

आज सांगते ते सगळे वत्सलाबाईचे.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. जिल्हा तेव्हा चांदा, आणि आमची मुलींची शाळा वडशाला. वत्सला आणि मी एकाच वेळी नोकरीला लागलो होतो. मग तिला मुलगा झाला, मागून मुलगी झाली, आणि ती घरीच राहिली. मुलगा शाळेत जाऊ लागला, धाकटी पमी चार वर्षांची झाली, तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमिस्ट्रेसनी, तिला निरोप धाडला. एक जागा रिकामी आहे, उन्हाळ्यापर्यंत काम बघू, मग कायम करू.

अडचण कपड्यांची. वत्सला घरी बसली तेव्हा आम्ही सगळ्या नऊवारी लुगड्यात शिकवत होतो. ती परत येईपर्यंत सगळ्या पाचवारी गोल पातळात गेलो होतो, आणि मोठ्या बाईंनी त्याचा नियमच करून टाकला होता. वत्सलाकडे सगळी लुगडीच. म्हणून आम्ही दोघींनी तिची दोन चांगली लुगडी कापायला घेतली. कात्री चालवताना ती दर वितीला थांबत होती. मी नाही. लुगडी तिची होती.

तिच्या सासूबाईंनी मोडता घातला नाही, पण अट घातली.

"नोकरी कर, मी नाई म्हनत नाई. पन पोरगी रडली नाई पाहिजे. ज्या दिवशी रडन, त्या दिवशी नोकरी बंद."

आणि पमीचं रडणं म्हणजे काय, ते वडशात सगळ्यांना ठाऊक होतं. वत्सलानं घरात पहिल्यांदा गोल पातळ नेसून पाहिलं, तेव्हा पोरीनं ओळखलं की हे कापड आपल्या आईला घेऊन जाणार. तिनं असा सूर लावला की स्टेशनात उभी असलेली मालगाडी गार्डची शिट्टी समजून निघून गेली! सासूबाई म्हणाल्या, आजचं धरत नाही.

त्या दिवसापासून पातळं माझ्या घरी, माझ्या ट्रंकेत. माझं घर तिच्या नि शाळेच्या मधोमध. सकाळी ती लुगड्यात येई, आतल्या खोलीत पातळ नेसे, संध्याकाळी पुन्हा लुगड्यात घरी. पमीला सांगितलं होतं की आई मावशीकडे तांदूळ निवडते. एवढा तांदूळ आम्ही खरंच निवडला असता, तर वडशाच्या गिरण्या बंद पडल्या असत्या.

•

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. भूगोलाच्या तासाला नकाशा टांगायचा होता. लुगड्याच्या सवयीनं वत्सला ढांग टाकून बेंचावर चढली. चढली खरी, पण पातळात उतरता येईना. खाली मुली, वर बाई, आणि दोन्ही पाय जणू एकाच गवसणीत.

उतरताना पडले तर मुली हसतील, मोठ्या बाई येतील, सगळंच जाईल, असं तिला वाटलं. म्हणून तिनं अख्खा तास बेंचावर उभं राहून शिकवला. गोदावरीचा उगम दाखवायला वाकली, सिरोंच्याला पोचली, पण खाली आली नाही. घंटा झाल्यावर मी तिला उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती जमिनीवर उभी राहून बोलू लागली, तर पुढच्या रांगेतली एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "आज भूगोल नाई का बाई?"

•

मग ब्लाउजचं झालं. लुगड्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून ब्लाउज शिवायला टाकले. पण हिवाळ्यात आमच्याकडचा शिंपी माणसांचे कपडे शिवतच नाही. आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं उभी राहतात, आणि सगळ्या शिलाई मशिनी राजे, राण्या नि दरोडेखोर शिवत असतात. शिंप्यानं गडबडीत पुडकी बदलली. वत्सलाचा एक ब्लाउज गेला नाटकमंडळीत, आणि तिला आला जरीच्या काठाचा, दोघी मावतील असा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकात एक रुंद खांद्यांचा शेतकरी उभा. हातात पुडकं. हे दसरूभाऊ. वर्षभर धान पिकवायचे आणि हिवाळ्यात राणीचं काम करायचे. त्या काळी आमच्या नाटकांत राणी पुरुषच व्हायचा.

"बाई, तुमचं पोलकं मले दंडात अडकून राह्यलं," ते गंभीरपणे म्हणाले, "मायं वापस द्या."

पुडक्यांची अदलाबदल झाली. जाता जाता त्यांनी वत्सलाचं पातळ वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती सारखा पदर सावरत होती. दसरूभाऊंना ते बघवेना. तिथंच, फाटकाशी, आपल्या धोतरावरच्या उपरण्याचा पदर करून त्यांनी दाखवलं. निऱ्या कुठी धरायच्या, पिन कुठी मारायची, चालताना टाच कशी टाकायची.

"पदराले भेव नोका बाई. मी तं याच्यात तलवार फिरवतो."

तेवढ्यात मोठ्या बाई तिथं आल्या. मिशी काढलेला एक धिप्पाड माणूस पदर खांद्यावर टाकून लचकत चालतोय, मागून वत्सला, तिच्या मागून मी, आणि आमच्या मागून पाचवीचा वर्ग. मोठ्या बाईंनी विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, कवायत.

त्यानंतर वत्सलाचा पदर कधी ढळला नाही. फक्त फळ्यावर लिहिताना ती अधूनमधून तलवार उपसल्यासारखा हात करायची.

•

दोनच पातळं, आणि आठवडा सहा दिवसांचा. मुलींच्या लक्षात येऊ नये म्हणून तिनं शिमग्याच्या सुमारास एक पातळ पळसाच्या फुलांत रंगवलं. काय रंग चढला! जणू उन्हात झाड चालतंय. सगळ्यांनी वळून वळून पाहिलं. किती तरी वर्षांनी आपल्याला कुणी असं पाहिलं, असं ती मला शाळेच्या फाटकात हळूच म्हणाली.

पण फाल्गुनातलं ऊन. दुपारपर्यंत घाम आला आणि रंग अंगावर उतरला. मान पिवळी, हात पिवळे, कपाळ पुसलं तर तेही पिवळं. मोठ्या बाईंनी पाहिलं आणि कावीळ म्हणून तिला घरी जायला सांगितलं. घरी बसलं की कायम व्हायचं राहिलं. वत्सलानं हात धुऊन दाखवले, पण रंग जाईना.

मुलींना ते कळलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई मला घेऊन वत्सलाच्या वर्गात शिरल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. ओढण्या पिवळ्या, रिबिनी पिवळ्या, गाल पिवळे, एकीचे तर दातही पिवळे, पण ते म्हणे आधीपासूनच होते. फळ्याशी वत्सला, तीही पिवळीच.

मोठ्या बाईंनी एकीच्या गालावर बोट फिरवून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "साथ आहे वाटतं. शाळा चालू ठेवा."

•

आणि हे शेवटचं. हे मी फुगवलेलं नाही. फुगवायला जागाच नाही.

परीक्षा जवळ आल्या होत्या. कायम होण्याचं पत्र आज-उद्या येणार होतं. सकाळी वत्सला माझ्याकडे आली, आत जाऊन पातळ नेसली, पिन लावली, वह्यांची पिशवी घेतली आणि ओसरीवर आली. मी कुलूप शोधत होते.

दारात पमी उभी.

सासूबाईंचा डोळा चुकवून ती आईच्या मागोमाग आली होती. पायात काही नाही, केस न विंचरलेले. तिनं पातळ पाहिलं. निऱ्यांपासून वर वर पाहत तिची नजर आईच्या चेहऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. तिचा खालचा ओठ पुढे आला.

वत्सला जागची हलली नाही. मला वाटलं, आता सूर लागणार, घरी कळणार आणि संपलं सगळं.

पमीनं ओठ आत घेतला. एक पाऊल पुढे आली. वत्सलाचं बोट धरलं, आणि आतल्या खोलीकडे एकदा पाहून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"बाई, मले तुमच्या शाळेत न्या. पन माया आईले सांगू नोका. थे आत तांदूळ निवडून राह्यली. मी गेली तं थे रडन."