चहाला चांगलं म्हणाले

लग्न होऊन कळस गावी आले त्याला बरीच वर्षं झाली, पण सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, माझ्या चहाला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. "ह्यो च्या हाय का भांडी धुतल्यालं पाणी? साखर काय कारखान्याला परत घातली?" मीही गुरगुरत दुसरा कप ठेवायचे. आमचं दोघांचं छान चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "लई चांगला झालाय, ताई."

ताई! मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता, खोकला नावापुरता, पण श्वास भराभरा चालला होता. नवरा म्हणाला, "तुझं कौतुक झालं की तुला थेट दवाखानाच आठवतो?" मी त्याला गाडी काढायला लावली आणि बारामती गाठली.

डॉक्टरीणबाईंनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया. "म्हाताऱ्या माणसांना कधी कधी ताप येतच नाही, नुसतं वागणं बदलतं. तुम्हाला कसं कळलं?"

"चहाला चांगलं म्हणाले."

बाईंनी हसू दाबलं आणि लगेच दाखल करून घेतलं.

नाकाला ऑक्सिजनची नळी, शिरेतून अँटिबायोटिक, पाठीला उशा. आबा सगळ्यांना "आभारी हाय" म्हणत होते. सलाइनच्या स्टँडलासुद्धा म्हणाले. मला रडू फुटायचं. हे गोड म्हातारं मला नको होतं, माझं खवट म्हातारं परत हवं होतं.

आणि एका दुपारी कॅन्टीनच्या चहाचा घोट घेऊन आबांनी तोंड वाकडं केलं. "कुठल्या गाढवानं केलाय ह्यो?"

मी कॉरिडॉरभर नाचत सुटले. "शिव्या देतायत! आमचे आबा शिव्या देतायत!" बाकावरच्या एका आजीबाईंनी विचारलं, "पोरगा झाला व्हय गं?" मी त्यांना मिठीच मारली.

घरी आल्यापासून मी चहात साखर मुद्दाम कमी घालते. आबा ओरडले की माझी रोजची तपासणी झाली.

परवा त्यांनी घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "चांगला झालाय."

माझ्या हातातलं गाळणं खाली पडलं. मी दवाखान्यातून येताना विकत घेतलेला बोटाचा चिमटा शोधायला धावले, "गाडी काढा!" म्हणून नवऱ्याला ओरडले. वळून बघते तर बशीआड आबांचे खांदे गदगदा हलत होते.

"आदी साखर घाल," ते म्हणाले, "मग जाऊ बारामतीला."