घरचा व्हीपीएन

नायगावला अक्काच्या घरी इंटरनेट येतं ते तिच्या दिराकडून. म्हणजे दीरच अर्ध्या गावाला इंटरनेट पुरवतो. आधी केबल टीव्ही होता, मग फायबर आलं. खांबावर चढायला माणसं आहेत, पण कुणाच्या कनेक्शनवर काय चालतं ते तो ऑफिसात बसून स्वतः बघतो आणि जेवताना सगळ्यांना सांगतो. अमक्या मास्तरच्या घरी दिवसभर गेम चालतेत, तमक्याच्या घरी सारखं कोर्टाच्या तारखा बघतेत. वाईट माणूस नाही. तोंडाला कुलूप नाही, एवढंच.

अक्का माझी थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. भाऊजी जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही, शाळा जवळ, म्हणून ती सासरीच राहिली. घरात मोबाईलला रेंज धड नाही, त्यामुळं जे काही बघायचं ते दिराच्या वायफायवर.

दिवाळीत ती लातूरला माझ्याकडं आली होती. मेथी निवडता निवडता म्हणाली, "मी मोबाईलात काय बघते ते दिराला दिसतंय का रे?"

"आतलं न्हाई दिसत. कोणत्या साईटवर गेलीस, ते नाव दिसू शकतं."

"मंग तेबी दिसू नाही असं काहीतरी करून दे."

कशासाठी, ते मी विचारलं नाही. मी एका कॉलेजातले कॉम्प्युटर सांभाळतो. कसं करायचं एवढं कळलं की माझं भागतं. शाळेतल्या एका बाईंकडून अक्कानं ऐकलं होतं की वर्षाचे पैसे भरले की व्हीपीएन, म्हणजे आपण कुठं जातो ते झाकणारी आडवाट, देणारी कंपनी मिळते. मी ते उडवूनच लावलं. "कुठली कोण कंपनी, तिचं ऑफिस कोणत्या देशात, देव जाणे. म्हणती, आम्ही नोंद ठेवत नाही. न्हाई ठेवत हे तुला कसं कळंल? दिरापासून लपवायचं आन् परक्याच्या हातात द्यायचं, काय शहाणपणाय का ह्यो? मी घरचा करून देतो."

घरचा. आमच्याकडं हा शब्द आला की पुढचं बोलणं संपतं. डाळ घरची, तिखट घरचं, शेवया घरच्या. विकतचं लोणचं पानात पडलं तर आई आधी त्याचा वास घेते. त्याच तोऱ्यात मी एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, त्यावर व्हीपीएन बसवला आणि अक्काच्या फोनला जोडून दिला. आता दिराला फक्त एवढंच दिसणार होतं की वहिनीचा फोन कुठल्याशा एका पत्त्याशी बोलतोय. मी भलताच खूश झालो. आई, बायको, मी, सगळ्यांचे फोन त्यावर घातले. वर जाहिराती अडवायची सोय केली. त्या सोयीसोबत एक नोंद सुरू झाली, कोणत्या फोननं कोणती साईट मागितली त्याची. प्रत्येक फोनला मी हौसेनं नाव दिलं होतं. कंपनीकडं अक्का हजारो गिऱ्हाइकांच्या गर्दीत गेली असती. माझ्याकडं ती चौघांतली एक होती, नावासकट.

हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी काय परका थोडाच होतो!

महिनाभरानं आईची तक्रार आली की भजनाचे व्हिडिओ अडकतात. काय झालं बघायला मी नोंद उघडली. अक्काच्या नावापुढं एकच साईट, रोज शाळा सुटल्यावर. पुनर्विवाह जुळवणारी.

खरं सांगतो, मला आनंद झाला. मग रागही आला, सख्ख्या भावाला सांगायला काय झालं होतं म्हणून. नोंद तिथंच बंद करता येत होती. मी ती केली नाही. बायकोला सांगितलं, बायकोनं आईला, आणि आई देवापुढं बसून रडली, डोळे पुसले आणि उठून कामाला लागली. आठ दिवसांत स्थळ हजर. उदगीरचे, सरकारी नोकरी, पहिली बायको वारलेली, सुपारीचंही व्यसन नाही.

दाखवायचा कार्यक्रम ठेवला तर अक्का यायची नाही, म्हणून आम्ही येळवस धरली. वेळ अमावस्येला आमच्या भागात अख्खं गाव शेतात जेवायला असतं, आणि पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी आलेल्या माणसाला का आलात असं कुणी विचारत नाही. उदगीरकर त्यांच्या भावाला घेऊन आले. आईनं अक्काला वाढायला लावलं. भज्जी, उंडे, आंबील, सगळं झकास जमलं होतं. अक्का दुसऱ्यांदा वाढायला गेली तेव्हा तो भाऊ भोळेपणानं म्हणाला, "मॅडम, तुम्ही सोताहून मनावर घेतलं हे लई चांगलं केलं. न्हाईतर घरच्यांना मागं लागावं लागतं."

अक्कानं पातेलं खाली ठेवलं. पाहुणे जाईपर्यंत सगळ्यांशी नीट बोलली. मग मला ज्वारीच्या कडेला बोलावलं.

"मी मनावर घेतलं, हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, आईचे व्हिडिओ अडकत होते, म्हणून नोंद उघडली, तर त्यात दिसलं.

"म्हंजे तू बघून राहिला होतास."

"अक्का, मी काय परका हाय का?"

"परका असतास तर बरं झालं असतं. परक्यानं बघितलं असतं आन् इसरून गेला असता. आईला नसतं सांगितलं. मला इथं वाढायला नसतं लावलं." आवाज चढला नव्हता तिचा. "मला जमंल का न्हाई, हे मलाच अजून ठाव न्हाई. चार-सहा महिने मला एकटीला पाहिजे होते. दिरापासून लपायला तुझ्याकडं आले रे. आता तुझ्यापासून लपायला कुठं जाऊ?"

मी म्हणालो, "नोंद आत्ता बंद करतो."

"कर. पण न्हाई ठेवत, हे मला कसं कळंल?"

कंपनीबद्दल हाच प्रश्न मी तिला विचारला होता. तिनं तिथंच बांधावर बसून फोनमधून माझा व्हीपीएन काढला. पुढं त्या शाळेतल्या बाईंना विचारून कंपनीचा विकत घेतला. उदगीरकरांना नकार कळवला. आमचे फोन चालूच राहिले. शाळा, पाऊस, आईचे गुडघे. त्यापलीकडं ती काही बोलली नाही आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी येळवशीला ती आली नाही. होळीनंतर तिच्या दिराचा फोन आला.

"पाहुणे, अभिनंदन! वहिनीचं ठरलं. हिमायतनगरचे सर हायेत, लई सज्जन. वहिनीनं पहिल्यांदा मलाच बसवून सांगितलं. म्हणल्या, माझं पक्कं होईस्तोवर कुठं बोलू नका. तीन महिने झाले, मी बायकोलासुदिक सांगितलं न्हाई, बघा." बोलताना तो खुशीत होता. मग म्हणाला, "तुमाला तर लई आधीपासून माहीत असंल म्हणा. तुम्ही घरचे."

"हाव," मी म्हणालो. "माहीत हाय."